सगळे ठीक असतील तर मी ठीक

तीर्थस्वरूप मामांना,

वाकून नमस्कार (पत्रात वाकलेले दिसत नाही, म्हणून सांगतो की हे लिहिण्याआधी खुर्चीतून उठलो होतो).

आपला खोकला उतरला असेल, मामींचा गुडघा जिना चढू देत असेल आणि स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला असेल, असे धरून चालतो. तसे नसेल तर कळवावे. मी ठीक आहे. हे शेवटचे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहे, कारण गेल्या सोमवारी जे झाले ते असल्याच एका वाक्यावरून झाले. आईकडून आपल्या कानावर अर्धवट काही जाण्यापेक्षा मीच क्रमाने सांगावे, म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मला नोकरीत कायम करायचे की घरी पाठवायचे, हे ठरणार आहे. सहा महिन्यांची उमेदवारी त्या दिवशी संपते. (मी कायम झालो असे आईने तीन महिन्यांपूर्वीच सगळ्यांना सांगून टाकले आहे. मी तिला दुरुस्त केले नाही, ही माझी चूक.)

मी नेमके काय करतो हे घरात कोणी विचारले नाही आणि मीही ‘संगणकाचे काम’ यापलीकडे गेलो नाही. पण आपण चौतीस वर्षे टपालाच्या वर्गीकरणात काढलीत, तेव्हा आपल्याला लगेच कळेल. आमची कंपनी दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देते. त्यासाठी संगणकात तीन निरनिराळ्या सेवा चालतात. पहिली वेळ ठरवते, दुसरी पेशंटची नावे सांभाळते, तिसरी लोकांच्या फोनवर निरोप धाडते. आम्ही त्यांना ‘वेळ’, ‘नाव’ आणि ‘निरोप’ म्हणतो. या तिघी एका जागी राहत नाहीत. त्यांचा मुक्काम भाड्याच्या संगणकांवर असतो (त्याला क्लाउड म्हणतात; आभाळाशी संबंध नाही, मी विचारून घेतले आहे), आज या यंत्रावर, उद्या त्या. म्हणून एक नोंदवही ठेवलेली असते, कोण सध्या कुठे आहे याची. बाहेरून कोणी नाव घेऊन आला की त्या वहीत बघून पत्ता सांगणारी जी खिडकी, ती डीएनएस. आणि वहीत नाव असलेली सेवा खरोखर शुद्धीवर आहे ना, हे दर अर्ध्या मिनिटाला दार वाजवून विचारतात, ते हेल्थ चेक. आतून ‘ठीक’ आले की पुढे. लागोपाठ तीनदा आले नाही की वहीतून नाव काढायचे. एवढेच.

या तिघींना नव्या यंत्रांवर हलवायचे होते, तेव्हा पत्ते आणि ही सेटिंग बदलायचे काम माझ्याकडे आले. मी पदविका दुसऱ्या वर्षाला सोडली हे आपण जाणताच, पण आकडा किंवा अक्षर माझ्या हातून चुकत नाही, आणि त्याच बळावर मला घेतलेले आहे. (या वेळीही चुकलेले नाही. हे मी चौकशीत सांगितले, तेव्हा आमच्या बाई म्हणाल्या की तेच तर दुर्दैव. बाई म्हणजे आमच्या तुकडीच्या प्रमुख. बोलतात कमी, पण बोलून झाल्यावर चष्मा काढून पुसतात, आणि तो पुसून होईपर्यंत समोरच्याला उभे राहावे लागते.)

तर जुनी सेटिंग वाचताना माझ्या ध्यानात आले की दार वाजवल्यावर आतून जे ‘ठीक’ येते ते कशाचीही चौकशी न करता येते. ‘वेळ’ला स्वतःपुरते बरे वाटले की ती ‘ठीक’ म्हणून मोकळी. पण तिचे सगळे काम ‘नाव’वर अवलंबून, ती अंथरुणाला खिळलेली असेल तर ‘वेळ’ ठीक कशी? आपल्याकडे कोणी खुशाली विचारली तर माणूस आधी घरातल्यांकडे नजर टाकतो आणि मग ‘सगळे बरे आहे’ म्हणतो. मला ती पद्धत योग्य वाटली. म्हणून मी असे लिहिले की प्रत्येकीने आधी आपण जिच्यावर अवलंबून आहोत तिला विचारावे आणि तिचे उत्तर आल्यावरच आपले द्यावे. ‘वेळ’ने ‘नाव’ला विचारायचे, ‘नाव’ने ‘निरोप’ला (फोन नंबर खरा आहे का हे तीच तपासते), आणि ‘निरोप’ने ‘वेळ’ला, कारण वेळच ठरली नसेल तर निरोप कसला. एकेक ओळ बघितली तर तिच्यात काही वावगे नाही. वर्तुळ मात्र एकेक ओळ बघून दिसत नाही.

दुसरा बदल डीएनएसचा. एकदा सांगितलेला पत्ता विचारणाऱ्याने किती वेळ लक्षात ठेवायचा याचा एक आकडा असतो. तो होता साठ सेकंद. दर मिनिटाला येऊन तोच पत्ता विचारणे मला उगाच त्रासाचे वाटले. मी चोवीस तास केले. त्याच्या शेजारीच दुसरा आकडा होता, ‘अशी कोणी इथे राहत नाही’ हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचे त्याचा. दोन शेजारचे आकडे वेगवेगळे दिसायला बरे दिसेनात, म्हणून तोही चोवीस तास केला.

आमच्याकडे कोणताही बदल एकट्याने करत नाहीत. एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ‘हं’ म्हणायचे, आणि एकूण किती ‘हं’ झाले ते कागदावर मांडायचे. माझ्या जोडीला एक अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांना सगळे ‘बघू’ म्हणतात, कारण कशालाही त्यांचे पहिले उत्तर तेच असते. मी बेचाळीस ओळी वाचल्या आणि त्यांनी बेचाळीस वेळा ‘हं’ केले. पुढे चौकशीत ते म्हणाले, “हं म्हटलं हे मला मान्य आहे. पण ते याला नव्हतं. बायको फोनवर होती, गिझरवाल्याला आज बोलावू का विचारत होती.” बाईंनी विचारले, बेचाळीस वेळा? तर म्हणाले, “ती खोदून विचारते.”

दहा वाजून चाळीस मिनिटांनी बदल लागू झाला. पहिले दार ‘वेळ’चे वाजले. तिने ‘नाव’ला विचारले, ‘नाव’ने ‘निरोप’ला, आणि ‘निरोप’ने ‘वेळ’ला. ‘वेळ’ म्हणाली, थांब, ‘नाव’कडून कळले की सांगते. अशा तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. दीड मिनिटात तीन वेळा दार वाजले, तिन्ही वेळा आतून काही आले नाही, आणि नियमाप्रमाणे तिघींची नावे वहीतून गेली. तिघींच्याही प्रकृतीला काहीही झालेले नव्हते. नंतर तपासले तेव्हा कळले की त्या दिवशी त्या वर्षभरात सर्वांत धडधाकट होत्या, कारण कोणी कामच सांगत नव्हते.

चूक उमगून मी जुनी सेटिंग परत लावली, त्याला चौदा मिनिटे लागली. मला वाटले, संपले. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी शेजारच्या दोन आकड्यांवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “आपण जिवंत आहोत. पण ज्यांनी त्या चौदा मिनिटांत विचारलं त्यांना ते उद्यापर्यंत कळणार नाही.” आणि चष्मा काढला.

ज्यांनी विचारले त्यांत बहुतेक सगळे दवाखाने होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत त्यांच्या पडद्यावर एकही पेशंट दिसेना. दातांच्या एका डॉक्टरांचा फोन मी घेतला. ते म्हणाले, “माझ्यासमोर एकोणीस माणसं गाल धरून बसली आहेत, आणि तुमचं यंत्र म्हणतं आज कोणी नाही.” मी त्यांना समजावले की यंत्र पेशंटबद्दल काही बोलत नसून स्वतःबद्दल बोलत आहे. यावर ते जे बोलले ते मी नोंदीत शब्दशः उतरवले होते. बाईंनी तेवढा भाग खोडायला लावला आणि यापुढे फोन बघूंनी घ्यावेत असे ठरले. बघूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिले. का कोण जाणे, त्याने लोक शांत झाले.

मोठ्या साहेबांनी बुधवारी मला बोलावले. त्यांची खोली लहान आहे, तिच्यात एक न चालणारा पंखा आणि पाणी न घातलेली कुंडी आहे. म्हणाले, “एका वाक्यात सांग, काय झालं.” मी एकाच वाक्यात सांगितले. ते अकरा मिनिटे चालले, मध्ये त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि एकदा फोन उचलून ठेवला, पण वाक्य व्याकरणाने कुठेही तुटले नाही. त्यांनी विचारले, तुझी चूक किती? मी म्हणालो, आकडे आणि अक्षरे सोडून सगळी.  ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी बघू. (हे शब्द त्यांचे स्वतःचे होते की कचेरीत पसरले आहेत, ते कळले नाही.)

तर असे आहे. मी घाबरलेलो नाही. झोप लागते, जेवण जाते, दाराची कडी रोज दोनदाच तपासतो. तिन्ही सेवा आता कोणाचीही चौकशी न करता ‘ठीक’ म्हणतात आणि सुखाने चालतात. मामींना नमस्कार सांगावा. आईला हे पत्र दाखवू नये.

आपला आज्ञेतला,
भाचा

ता. क. : मंगळवारी सकाळी आपण डावा डोळा तपासायला गेला होतात, अडीच तास बाकावर बसलात, आणि खिडकीवरच्या मुलीने ‘तुम्ही यादीत नाही’ असे सांगून आपल्याला परत पाठवले, हे मला ठाऊक आहे. आईकडून नव्हे. आपली चार पानी तक्रार दवाखान्यामार्फत आमच्या कंपनीत पोहोचली आहे. कंपनीचे नाव मी घरी कधी सांगितले नाही, त्यामुळे ती कोणाकडे येईल हे आपल्याला कळण्याचा मार्ग नव्हता. बाईंनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, तुझं लिहिणं स्वच्छ आहे, उत्तर तू दे. आपण कोण ते मी त्यांना सांगितलेले नाही. ‘मी समोर उभा असताना मी नाही असे मला सांगण्यात आले’ हे आपले वाक्य त्यांनी दोनदा वाचले.

ता. क. दुसरा : आपल्या डोळ्याची नवी वेळ येत्या शुक्रवारी सव्वादहाची आहे. मी स्वतः जाऊन त्या मुलीकडून कागदावर लिहून घेतली आहे. कागद सोबत जोडला आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच : प्रत्येक तक्रारीच्या मुद्द्यांपुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ लिहून ती गुरुवारच्या बैठकीत ठेवायची आहे. आपले सात मुद्दे आहेत. एक ते सहापुढे मी ‘खरे’ लिहिले, कारण ते खरे आहेत. सातवा, ‘ज्या इसमाने हे केले त्याला अशा कामावर ठेवणे योग्य नाही’, याच्यापुढची जागा तीन दिवस कोरी आहे. तक्रार मागे घेतल्याच्या दोन ओळी येत्या बुधवारपर्यंत माझ्या हाती आल्या तर तिथे काही लिहावे लागणार नाही. न आल्या तर काय लिहू, ते आपणच कळवावे. मी तो मुद्दा बऱ्याच वेळा वाचला, आणि दर वेळी तो मला पटत चालला आहे.