सासूनं विचारलं तर

८ जानेवारी
आरोग्यशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाचं फील्डवर्क सुरू. मला चिकलठाण्यात कंपन्यांच्या मागची वस्ती मिळाली. पहिलं भाषण टीबीवर. तक्ते नीट लागले, आवाज कापला नाही. पुढं बसलेल्या गंगाबाईंनी विचारलं, "आन् घरातच असंल तर?" मी म्हणाले, गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण घेतल्या की माणूस बरा होतो. "ते झालं गं. तवर त्या माणसाचं काय करायचं?" मी तक्त्यावरचंच पुन्हा बोलले. बाया हसल्या. गंगाबाई नाही हसल्या.

१० जानेवारी
गंगाबाईंच्या सुनेनं नळावर गाठलं. वीस-एकवीसची असेल. तिचं नाव इथंही लिहीत नाही, सो. म्हणते. तिलाच आहे. आरोग्य केंद्रात तपासलं, गोळ्या चालू, घरी कुणालाच माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. गोळ्या तांदळाच्या डब्यात.
"ताई, माझ्या चुलत जावेला असंच झालं. माहेरी सोडलं ते परत आणलंच नाय. मला लेकरू हाय."
लेकरू कडेवरच होतं. मुलगी, अजून अंगावर पिते. मी विचारलं, हिला तपासलं का? घागर उचलून निघून गेली.

११ जानेवारी
आमचं फील्डवर्क बघणाऱ्या पठाण मॅडमना नाव न घेता विचारलं. "तिच्या परवानगीशिवाय एक शब्द नाही. घरच्यांनाही नाही." मग बाळाचं? घरात लहान मूल असेल तर तपासायलाच हवं, हे त्यांनीच शिकवलंय. "म्हणून तर तिला तयार करायचं. तेच तुझं काम."
पेपरात लिहिता येईल मला हे. तिथं जाऊन काय करू?

१७ जानेवारी
काहीतरी निमित्त काढून रोज जातेय. सो.ला म्हणाले, निदान नवऱ्याला सांग, मी सोबत बसते. "त्याला सांगितलं की आत्याबाईला कळलं." आत्याबाई म्हणजे सासू. नवरा बाळू कंपनीत कंत्राटावर. या आठवड्यात काम बंद, दिवसभर घरात. डबा उघडता येत नाही. गोळ्या चुकल्यात. किती, ते सांगत नाही.
बाळ किरकिर करतंय. अंग कोमट लागलं. ताप, की माझी भीती...
उस्मानपुऱ्याला घरी आले, जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "परक्याच्या घरात इतकं शिरू नये, प्रज्ञा." म्हटलं, त्याचंच शिक्षण घेतेय.

१९ जानेवारी
लिहू नये वाटतंय.
गंगाबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. मला बघून हात झटकले. "पोरी, तू रोज यायलीस. माझ्या सुनेकडंच यायलीस. खरं सांग, तिला तो रोग हाय का?"
सो. दारात. कडेवर बाळ.
नाही म्हटलं तर बाळाला दवाखान्यात कोण नेणार. हो म्हणायचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "मावशी, त्यांनाच विचारा."
म्हणजे सांगितलंच की.
सो.नं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेली.

२० जानेवारी
बाळूनं सकाळीच सो.ला जालन्याकडं माहेरी नेऊन सोडलं. बाळ इथंच ठेवून घेतलं. शेजारीण म्हणाली, "लई रडली." गंगाबाईंनी मला दार उघडलं नाही. सो.चा फोन बंद.
मॅडमना सगळं सांगितलं. चिडतील वाटलं. म्हणाल्या, "'मी कुणाच्याच आजाराचं कुणाशी बोलत नाही', एवढंच म्हणायचं होतं." इतकं साधं वाक्य. तेव्हा का सुचलं नाही.

२२ जानेवारी
मॅडमना घेऊन गेले. आज दार उघडलं. बाळ मांडीवर, गंगाबाई वाटी-चमच्यानं दूध पाजत होत्या. पीत नव्हतं. मॅडमकडं न बघता माझ्याशीच बोलल्या.
"माझा मालक यातच गेला. मेंढरामागं होतो आम्ही, आज हितं तर उद्या तिथं. त्याला ठावं होतं, त्याच्या भावाला ठावं होतं. मला कुणी बोललं नाय. थोरली पोरगी त्याच्याच कुशीत निजायची. तीबी गेली."
बाळाचं तोंड पुसलं.
"रोगाचा राग नाय मला. माझ्यापासून लपवायलेत, त्याचा हाय."
मॅडम म्हणाल्या, आता बाळाला दाखवू या. बाळू "कशाला" म्हणाला. गंगाबाई बाळाला घेऊन त्याच्या समोरून रिक्षात जाऊन बसल्या. दवाखान्यात बाळाच्या छातीचा फोटो काढला, आणखी तपासण्या केल्या. रिपोर्ट यायचाय.

२४ जानेवारी
गंगाबाई काल एकट्या एसटीनं जाऊन सुनेला घेऊन आल्या. आज डॉक्टरांनी सो.ला बघितलं, गोळ्या परत सुरू. बाळू मित्राच्या खोलीवर राहायला गेला. तिच्या हातचं खाणार नाही म्हणे. गंगाबाई म्हणाल्या, "नको खाऊ. मी खाते."
दुपारी गेले. सो. तोंडाला रुमाल बांधून बाळाला पाजत होती. गंगाबाईंनी बसायला पोतं सरकवलं. मी माफी मागायची ठरवून गेले होते. सासूसमोर कशी मागू, तेच कळेना.
उठताना म्हणाले, उद्या बाळाचा रिपोर्ट आहे, मी सकाळी येते.
"तुम्ही नका येऊ," सो. म्हणाली. "मी जाते."
गंगाबाईंनी मी बसलेलं पोतं उचलून ठेवलं.
उद्या काय निघालं ते मला दुसऱ्या कुणाकडून कळेल. कळलं तर.