जमिनीखालचं बिऱ्हाड

१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना उघडलं, ही माझीच चूक. मेलेल्या किड्याच्या डोक्यातून बुरशीचा कोंब कसा फुटतो, हे चित्र काढून कळवायची काही गरज होती का? ताट तसंच सारून उठले. बँकेतली नोकरी सोडून चाळिशीत तू हे बुरशीशास्त्र शिकायला गेलीस, त्याचा अण्णांचा राग अजून ओसरलेला नाही. कोणी तुझी चौकशी केली की म्हणतात, पोरगी नासकं-कुजकं चिवडायला गेलीय.

इथे माझ्या शिवणाच्या खोलीत वेगळाच ताप. रोज सकाळी विटकरी धूळ बसलेली असते. पांढऱ्या अस्तरावर हात फिरवला की बोटं माखतात. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर! शिवाय न वाळलेल्या पोतेऱ्यासारखा वास. गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, अण्णा म्हणतात तुझ्याच चिंध्यांचा वास.

पत्र पाठव, चित्रं नकोत. माझा लोभ किळसेला पुरून उरेल एवढा आहे.
तुझी,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. ती धूळ नाही गं, ते बुरशीचं बी आहे. लाकूड खाणारी एक बुरशी असते. ती तुझ्या खोलीच्या लाकडी जमिनीखाली कुठेतरी तव्याएवढी पसरली असणार. मधे गंजासारखी, कडेला पांढरीशुभ्र, अंगावर पाण्याचे टपोरे थेंब. फार देखणी! विटांच्या फटींतून धागे नेते आणि कोरड्या लाकडापर्यंत पाणीही पोचवते.

आता शिव्या घालून झाल्या असतील तर नीट ऐक. वरून फळ्या धडधाकट दिसतात, पण आत नुसता भुगा असतो. मशीन आजच्या आज दुसऱ्या खोलीत ने आणि अण्णांना जमीन उचकटायला सांग. माझं नाव मात्र काढू नकोस, नाहीतर मुद्दाम अडून बसतील.

जपून राहा आणि माझ्यावर रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझीच,
धाकटी

३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव तोंडून निसटलंच. अण्णा उसळले. जन्मभर सुतारकी केली, ही जमीन माझ्या हातची, आता पुस्तकं वाचून पोरगी मला लाकूड शिकवणार का, म्हणाले. फळीवर टाच आपटून खणखणीत आवाज ऐकवला. मी पुन्हा शिवायला बसले. मशीनही हलवलं नाही.

परवा कापड घ्यायला वाकले आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. पाय मुरगळला, ते जाऊ दे. पण खाली काय लागलं, ते ऐक. गार, ओलं, मऊ, जनावराच्या जिभेसारखं. ते बोटांच्या बेचक्यांत शिरलं. मी किंचाळले, तशी अण्णांनी काखेत हात घालून मला ओढून काढलं. पोटरीला पांढरे चिकट धागे लोंबत होते. तीनदा साबण लावला, तरी पाय माझा वाटत नाही.

अण्णांनी लगेच पहार आणली. फळी उचलली आणि खाली बघून ते अंगणात जाऊन ओकले. मग कोणाला हात लावू न देता सगळी जमीन एकट्यांनी उचकटली. तुळया बोटांनी चुरडत होत्या. शेवटी भिंतीशी बसले आणि म्हणाले, आईच्या आजारपणात खालून वारा येऊन तिचे पाय गारठायचे, म्हणून मीच बाहेरच्या भिंतीतली, जमिनीखाली वारा खेळवणारी भोकं सिमेंटनं बुजवली. ती गेल्यावर उघडायची राहिली. माझ्यामुळेच झालं हे. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. यावर काय म्हणावं, तुला सुचत असेल तर कळव.

तुकडा बरणीत घालून पाठवतेय. बरणी परत नको!
तुझी,
ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरणी मिळाली. इथे मी शेकडो बुरश्या हाताळल्या, नाकाशी धरल्या, कधी काही वाटलं नाही. तुझी बरणी उघडली. लाकडावर आपल्या लहानपणच्या त्या खोलीचा निळा रंग होता आणि त्यातून ते बुरशीचं मांस वर आलेलं. मी झाकण लावलं आणि मोरीकडे धावले. वर्गातले सगळे हसले. मला हसू आलं नाही.

अण्णांना सांग, नुसती भोकं बुजवून ही बुरशी लागत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. न्हाणीघराचा नळ बघा. तो गळत नसता तर ती तिथे जगलीच नसती. हे त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितेय. लाकूड जिथे चांगलं दिसेल, तिथूनही हातभर पुढे कापा. भोकं उघडा, भिंती पूर्ण वाळू द्या.

पायाची काळजी घे. मला तुमच्यातली समजत राहा.
तुझीच,
धाकटी

२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नळ गळतच होता. भिंतीच्या आतून, कोणाला पत्ता न लागता. तुझं पत्र अण्णांनी स्वतः वाचलं, दोनदा. चष्मा पुसत बसले. नंतर जुनं लाकूड जाळलं. त्या धुराचा वास माझ्या केसांतून अजून जात नाही.

नवी जमीन कालच झाली. सगळ्या फळ्या खिळ्यांनी पक्क्या, पण खिडकीखालची एक मोकळी ठेवलीय. तिला पितळी कडी लावलीय, ओढली की निघते. मी विचारलं, हे कशाला? रंधा पुसत म्हणाले, धाकटीसाठी. दरवर्षी येऊन खाली डोकावून बघायचं, मला नाही कळत तिच्याएवढं. तारीखही तिनंच ठरवायची म्हणे.

मी त्या फळीवर पाय ठेवत नाही, कडीला हात तर मुळीच लावणार नाही. तेव्हा ये. येताना हात स्वच्छ धुऊन ये.
वाट बघणारी,
ताई