आमच्यात रिकामा डबा देत नाहीत

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मुलींच्या होममध्ये भेट. बसस्टॉपपासून चढ, शर्ट पाठीला चिकटलेला. गेटवर फोन जमा. बँकेत होतो तेव्हा लोक माझ्यासाठी दार उघडून धरायचे. बँकेने नारळ दिल्यापासून मी कोर्टाने पाठवलेल्या मुलामुलींच्या शिक्षणाचं सरकारी अनुदान सांभाळतो, आणि इथे प्रत्येक दार माझ्यामागे कुलूप लावून बंद होतं. सवय झाली.

क. भेटली. पूर्ण नाव घरच्या वहीतही लिहायचं नाही, हे मीच ठरवलंय. सतरा वर्षांची. आई नशेत, मुलगी रस्त्यावर, नको त्या संगतीत, मग कोर्ट, मग इथे. फाइलमध्ये हे सगळं चार ओळींत बसवलंय. आज त्यांच्या ट्रेनिंगच्या किचनमध्ये अननसाचे टार्ट केले होते. बाकीच्यांचे तडकलेले, वाकडे. हिचे सगळे एका मापाचे. बेकरीच्या कोर्सला नंबर लागलाय.

मला म्हणाली, "अंकल, कोर्स जानेवारीत स्टार्ट. मी पण जानेवारीत आउट. मग पैसे कोण देणार?"

प्रश्न अगदी बरोबर. होममध्ये असेपर्यंतच अनुदान, बाहेर पडलं की बंद. नियम करणाऱ्याला वाटलं असावं, घरी गेलं की मूल आपोआप मार्गी लागतं. पळवाट एकच. फाइल ज्याच्याकडे आहे त्याने अपवादाची शिफारस करायची, समितीने मानली तर आणखी एक वर्ष मिळतं. क.ची फाइल माझ्याकडे आहे. समिती २० नोव्हेंबरला. म्हटलं, बघू या. मनात म्हटलं, करतोच.

निघताना उरलेले टार्ट तिने डब्यात भरून दिले. प्लास्टिकचा डबा, लाल झाकण. "बॉक्स मस्ट रिटर्न हां, अंकल. माझा आहे."

१९ ऑक्टोबर, रविवार
चिवडा केला. मृणाल माहेरी पुण्यात, तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून. येते येते म्हणता पावसाळा संपला. फोन स्टुलावर उभा करून तिच्या हुकमाखाली चिवडा.

"शेंगदाणे आधी, श्री! आधी म्हटलं ना!"

तोवर पोहे कढईत. शेंगदाणे वेगळे तळून वरून टाकले. मीठ जरा पुढे गेलंय. मृ. म्हणाली, कोण खाणार आहे एवढा? खरंच कोण खाणार आहे?

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी, सुट्टी
उटणं लावलं. पाठीला हात पोचत नाही. सोडून दिलं.

बुकित तिमाहच्या कॉन्डोतल्या मराठी मंडळींचा मेसेज: फराळाला ये, जमलं तर. त्या 'जमलं तर'मध्ये सगळं आलं. एकट्या पुरुषाला बोलवायचं म्हणजे कुणाच्या शेजारी बसवायचं हा प्रश्न पडतो. गेलो नाही. खाली पोरं फुलबाज्या लावत होती, गॅलरीतून बघितल्या. दुपारी झोपलो. फार एकटं वाटलं आज. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं नाही, पण लिहिलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
होममध्ये गेलो. डबा परत केला, चिवडा भरून. माझी आई असती तर दुसरं काही नसलं तरी मूठभर साखर घातली असती. कुणाचा डबा रिकामा परत द्यायला हातच उचलत नाही.

क. कॉरिडॉरमध्येच दिसली, तिथेच दिला. तिने झाकण उघडून वास घेतला. "फॉर मी?"

"आमच्यात रिकामा डबा देत नाहीत."

"स्पायसी आह?"

"थोडा. खारट पण आहे."

हसली. डबा पोटाशी धरून गेली. ऑफिसच्या खिडकीवर देऊन नोंद करून घ्यायला हवं होतं, हे हार्बरफ्रंट स्टेशनला पोचेपर्यंत डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा म्हटलं, जाऊ दे, चिवडाच तर आहे. बऱ्याच दिवसांनी दिवस बरा गेला.

३० ऑक्टोबर, गुरुवार
फरीदाचा फोन. ती होममध्ये क.चं प्रकरण बघते. बाई तुटक बोलते, पण मुलींसाठी जीव टाकते. म्हणाली, झडतीत क.च्या कपाटात टी-शर्टांच्या घड्यांखाली खाण्याचा डबा सापडला. बाहेरचं खाणं, नोंद नाही. कुणी दिलं विचारलं तर तोंड उघडत नाही. शनिवार-रविवारची घरची रजा रद्द.

ती रजा म्हणजे होममध्ये आल्यापासूनची पहिली. आई आता उपचार घेऊन बरी झालीये, भाड्याची खोली घेतलीये. मुलीसाठी नवी चादर आणली होती म्हणे.

मी म्हटलं, "अच्छा." एवढंच. फोन ठेवला आणि पँट्रीत जाऊन पाणी प्यायलो. तिने सगळं खाऊन का टाकलं नाही? माझा तो खारट चिवडा कशाला जपून ठेवला?

१ नोव्हेंबर, शनिवार
क्वीन्सटाउनच्या मार्केटात भाजी घेतली, पिशवी काउंटरवरच विसरलो. परत जाऊन आणली. डोकं ठिकाणावर नाही.

सांगितलं तर: ज्याला अनुदान द्यायचं त्याला हातोहात काही देणं आम्हाला बंद. फाइल त्याच दिवशी काढून घेणार, डेस्मंडकडे जाणार. पोरगा चांगला आहे, पण नियमाबाहेर एक ओळ लिहीत नाही. अपवाद तो काय मागणार, कप्पाळ! नाही सांगितलं तर: तिची एक रजा गेली, पण कोर्स पदरात पडेल.

मृ.ला सांगितलं. तिने एका वाक्यात निकाल लावला. "गप्प बस. पोरीने तुला वाचवलंय, आता तू तिचा कोर्स वाचव."

पटलं. निदान बोलत होतो तोवर.

४ नोव्हेंबर, मंगळवार
शिफारस लिहायला बसलो. होमकडून ताजा शेरा आलाय: वस्तू कुणी दिली हे सांगण्यास नकार, बाहेरच्या जुन्या संगतीशी संपर्काचा संशय. जुनी संगत! माझा चिवडा! आणि शिफारशीत मला याच्यावर अभिप्राय द्यायचा आहे. म्हणजे 'कुणी दिलं ते कळलेलं नाही' हे मीच लिहायचं, खाली सही माझी.

फरीदाला दुसऱ्याच कामासाठी फोन केला, बोलता बोलता विचारलं. आई भेटीला येऊन गेली म्हणे. मुलीला म्हणाली, पुन्हा तेच सुरू केलंस ना? क. तिच्यासमोरही गप्प.

कोर्स मिळेल आणि घर जाईल. हा हिशोब मी शनिवारी मांडलाच नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार
सांगितलं. व्हिवियन, माझी बॉस, ऐकत होती आणि पेनचं टोपण लावत-काढत होती.

"चिवडा म्हणजे काय?"

सांगितलं.

"आणि रिकामा डबा द्यायचा नाही, हे कल्चर?"

हो म्हटलं. शाळेतल्या पोरासारखा उभा होतो समोर.

"ओह, श्री." वाईट बाई नाही. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "त्याच दिवशी का नाही सांगितलंस? त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी हसून सोडून दिलं असतं." लेखी समज मिळेल. समितीच्या दिवशी मी खोलीत नको. फाइलबद्दल कुणाशी बोलायचं नाही, होममधल्या लोकांशी तर नाहीच. जेवणाआधीच डेस्मंड येऊन फाइल घेऊन गेला. दोन्ही हातांनी घेतली, इथल्या पद्धतीप्रमाणे. "सॉरी हां, अंकल श्री."

मृ.ला कळवलं. म्हणाली, "जेवलास का?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार
फरीदाचा शेवटचा फोन. शेवटचा असं तिनेच सांगितलं. शेरा काढून टाकला. रजा मंजूर, पुढच्या शनिवार-रविवारी. आईलाही कळवलं. मी म्हटलं, चला, बरं झालं.

मग म्हणाली, "क. तुमच्यावर फार चिडलीये. सांगू का?"

सांगा म्हटलं.

"म्हणाली, मी कुणाला सांगितलं नाही ना? मग तो कशाला सांगायला गेला? फॉर व्हॉट?"

फरीदा म्हणाली, मनावर घेऊ नका, या वयात असंच असतं. पण मनावर घेण्यासारखंच आहे. तिच्याशी आजवर प्रत्येकजण खोटं बोललाय नाहीतर तिची चुगली करून मोकळा झालाय. एका माणसासाठी तिने तोंड मिटून ठेवलं, रजा घालवली, आईचे बोल ऐकले. त्या माणसाने सरळ साहेबाकडे जाऊन सगळं ओतलं. बरोबर केलं मी. तिच्या बाजूने बघितलं तर मीही त्यातलाच एक.

माझ्यासाठी कुणी असं गप्प राहिल्याचं मला तरी आठवत नाही. हे तिला सांगायची सोयही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शनिवार-रविवार होऊन गेला. कसा गेला, माहीत नाही. काल दिवसभर आपला मीच रजेवर असल्यासारखा. आत्ता पोचली असेल, आत्ता जेवत असतील, आत्ता पुन्हा निघायचं झालं असेल. आई काय म्हणाली असेल? आज होमच्या दुसऱ्या कामात फरीदाची मेल आली, त्यात क.बद्दल अक्षर नाही. फरीदाचं बरोबर आहे.

दुपारी डेस्मंड टेबलाशी. "अंकल श्री, अपवादाची शिफारस कशी लिहितात? नमुना आहे?"

म्हणजे लिहितोय! की नुसतं विचारतोय? सांगायचं तोंडावर आलं होतं: तिचे टार्ट बघ, एका मापाचे असतात. आई बरी झालीये ते लिही. एक वर्ष दिलं तर ही मुलगी पायावर उभी राहते, न दिलं तर खोलीत बसते आणि खाली जुनी मंडळी वाट बघतच आहेत, हे लिही.

"व्हिवियनला विचार," म्हटलं.

तो वळला. मग मला राहवलं नाही. "होममध्ये जाशील तेव्हा त्यांचं किचन बघून ये. नुसतं बघ."

त्याने मान हलवली. समजून की सवयीने, देव जाणे. एवढंही बोलायला नको होतं. पण बोललो, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
समिती. काचेची खोली, पडदे ओढलेले. मी बाहेर, गेल्या वर्षीच्या पावत्या लावत बसलो. एकच गठ्ठा तीनदा लावला. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. कशावर हसले असतील?

जेवणाच्या वेळेला दार उघडलं. व्हिवियन फोनवर बोलतच बाहेर पडली. डेस्मंड माझ्याकडे आला. चेहऱ्यावरून काही कळेना. "लंच, अंकल?"

हॉकर सेंटरला गेलो. तो नूडल्सच्या रांगेत, मी डोसा घेतला. समोरासमोर बसलो. तो त्याच्या बायकोच्या पोटातल्या बाळाबद्दल बोलत होता, नाव ठरत नाही म्हणे. मी ऐकत होतो, आनंदाची गोष्ट आहे. विचारलं असतं तर तो अडचणीत आला असता, आणि बहुतेक सांगितलंही असतं. म्हणून विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. जाताना माझा ट्रे स्वतः उचलून नेला.

संध्याकाळी फरीदा क.ला सांगेल. मला कोणी सांगणार नाही. वर्षअखेरच्या अहवालात 'अपवाद मंजूर' या ओळीपुढे एक आकडा येईल, तो मीच टाइप करायचा आहे. त्यात ती आहे की नाही, आकड्यावरून कळत नाही.

घरी आल्यावर मृ.चा फोन. तिने तारीख लक्षात ठेवली होती.

"काय झालं रे तुझ्या क.चं?"

"माहीत नाही."

"म्हणजे काय? तुझ्याच ऑफिसात ना फाइल?"

हो म्हटलं. माझ्या टेबलापासून दोन टेबलं सोडून.