पाण्याखालची पाळ

नागभीड, रविवार, डिसेंबर १९९८

आज बायकोसोबत प्रार्थनेले गेलो. पास्टर म्हणे, येशू पाण्यावर चालला. मले येडा समजते का? मी ढिवर, मासे धरण्यात जनम तलावात गेला. पाण्याखाली बुडलेली मातीची पाळ असन, तं मीबी चालून दाखवतो. दुरून पाहणाऱ्याले काय समजते! मी तं बांबूनं ठाव घेतल्याबिगर पाय ठेवत नाई.

मंग म्हणे, पेत्र नावाचा मासेमार येशूकडं जायासाठी नावेतून उतरला, अन् बुडाले लागला.

घरी येताना बायकोले विचारलं, "तुले हे खरं काऊन वाटते?"

"पेत्र बुडाले लागला म्हणून. खोटं सांगणाऱ्यानं त्याले नीट चालवला असता."

पाळ असती, तं तो बुडला नसता. तरी संशय जात नाई. मासेमार असून त्यानं उतरायच्या आधी बांबू टाकून ठाव काऊन नाई घेतला?