हाताची घडी

दादा,

फोनवर ‘थँक यू’ म्हणाले, कारण शेजारी आई बसली होती. खरं काय ते इथे लिहिते. पाठवणार मात्र नाही. वाचून वर मलाच अक्कल शिकवशील.

लेकीला तुझ्याकडे सोपवून मी कामासाठी बाहेरगावी काय गेले, तू माझ्या लेकीचं ट्रॅम्पोलिन उचलून माळ्यावर टाकलंस! म्हणे खालच्यांना त्रास होतो. अरे, खालच्या काकू तिच्या उड्या ऐकून चहा टाकतात. स्वमग्न पोर आहे ती. सकाळी मनसोक्त उड्या मारल्या की तिचं अंग निवतं, मग कुठे वर्गात बसवतं. थेरपिस्टनं सांगितलेला व्यायाम आहे तो, धिंगाणा नव्हे.

तू चॉकलेटचं आमिष दाखवून, एकेक तुकडा तोंडात भरवत तिला हाताची घडी घालून बसवलंस. वर व्हिडिओ पाठवलास, ‘बघ, मामानं कशी सुधारली!’ त्या घडीखाली तिनं स्वतःलाच चावल्याचे वण होते, दादा. ते मला आंघोळ घालताना दिसले.

आज ट्रॅम्पोलिन खाली काढलं. वाटलं, धावत येईल. आली, चढली, मधोमध बसली. हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

डोक्यात राख घालून बसलेली,
तुझी बहीण