हिल्तुनेनांची टाच

१४ जानेवारी १९९७, मंगळवार

गेले टाच दाखवायला, आले कोलेस्टेरॉल घेऊन! नवे स्कीचे बूट घोट्यामागे घासतात म्हणून गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्रात गेले होते. डॉक्टर कोवळी पोरगी, तुर्कूहून आलेली. बुटांकडे बघितलंसुद्धा नाही तिने. टाचेमागची जाड धोंडशीर चिमटीत धरून बसली, मग माझ्या बोटांची पेरं चाचपली. म्हणाली, "तुमच्या घरात कोणी लवकर गेलंय का?"

मी म्हटलं, कोण नाही गेलं ते विचारा.

आजोबा पंचेचाळीसाव्या वर्षी. ओत्तोकाका एकोणचाळीस — जंगलात, करवत हातात. बाबा बेचाळीस — गोठलेल्या तळ्यावर, जाळं ओढताना. ती लिहीत गेली आणि मी सांगत गेले. असं ओळीने कधी म्हणून दाखवलं नव्हतं कुणाला. मग तिने रक्त काढलं.

आज आकडा कळला. अकरा पूर्णांक चार. पाचच्या आसपास हवा म्हणे. एक्कावन्न वर्षांची मी, शाळेत रोज दीडशे पोरांचा स्वयंपाक करते, कधी दम लागला नाही. भीती नाही वाटली, रागच आला.

१५ जानेवारी

टाच डोक्यातून जात नाही.

आमच्या घराण्याची शान ती! लहानपणी सौनाच्या वाफेत बाबा आणि ओत्तोकाका बाकावर पाय पसरून बसायचे आणि आम्हाला हात लावून बघायला सांगायचे. "ही हिल्तुनेनांची टाच. अशी टाच असली की बर्फ आपोआप मागे पडतो." गावातही तेच. शर्यतीत हिल्तुनेन पुढे गेला की लोक म्हणायचे, टाच बघा टाच. माझी पंचविशीत जाड व्हायला लागली तेव्हा मी कोण मिरवले होते! मुलगी असून मला आली म्हणून.

आणि ही पोरगी म्हणते, शिरेत चरबी साठलीय. स्कीचा काडीचा संबंध नाही. तीच चरबी हृदयाच्या नळ्यांतही साठते.

म्हणजे आम्ही पिढ्यान् पिढ्या आजारच मिरवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हेलसिंकीहून रक्ताचा दुसरा निकाल आला. डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. यकृताच्या पेशींवर बारीक बारीक हात असतात — रिसेप्टर म्हणतात त्यांना. रक्तातून वाहणारे चरबीचे गोळे ते पकडतात, आत ओढतात, सोडून देतात आणि पुन्हा बाहेर येऊन पुढचा पकडतात. तो हात कसा घडवायचा याचा मजकूर आईकडून एक आणि बापाकडून एक असा मिळतो. माझा बापाकडचा बिघडलेला. सात अक्षरं गळलीत त्यातली. सातच! त्यामुळे हात जन्मापासून निम्मेच. आमच्या या भागात बऱ्याच घरांत हेच आहे म्हणाली, तीच सात अक्षरं.

मला लगेच कळलं. गेल्या हिवाळ्यात मला ताप आला होता तेव्हा शाळेत माझ्या जोडीची आउने भांड्यांच्या खिडकीशी एकटी होती. ताटं तर दीडशेच यायची, पण घेणारे हात दोनच. दुपारपर्यंत दारापर्यंत ढीग! आउनेचा काय दोष त्यात.

गोळी दिलीय, रोज एक. तिने धड मजकुरातून जास्त हात तयार होतात म्हणे.

मग पत्रांची दोन पाकिटं हातात दिली. एक आईसाठी — ती लग्नाने आलेली, तिच्यात नसणार, पण तिला कळायला हवं. दुसरं धाकट्या वेइयोसाठी. मी म्हटलं, तुम्हीच टाका ना पोस्टात. तर म्हणे, आम्हाला तुमच्या नातेवाइकांना परस्पर लिहिता येत नाही, ते तुम्हीच सांगायचं. भावाला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

आमच्या घरात! जिथे बाबा गेले त्या संध्याकाळीसुद्धा अळीमिळी गुपचिळी होती!

९ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं. शहात्तर वर्षांची, पण कान तिखट. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे लोणी नव्हे?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. बहात्तर साली चर्चच्या सभागृहात त्या आरोग्यवाल्या बायका आल्या होत्या, तक्ते घेऊन. उत्तर कारेलियातले पुरुष पटापट का मरतात — लोणी, साय, मीठ, सिगारेट. सगळ्या बायका आईकडे वळून बघायला लागल्या, कारण आईचं लोणी गावात नावाजलेलं. आई उठून घरी आली. त्या दिवसापासून या घरात लोणी आलेलं नाही. मला वाटायचं, शिकवण पटली तिला. पंचवीस वर्षं ती मनात हे धरून बसली होती — नवऱ्याला मी चारून मारलं.

खोटं बोलता येईना. म्हटलं, लोण्याने भर पडली असेल, आई. पण मूळ त्यांच्या रक्तातच होतं. जन्मापासून. तू भेटायच्या आधीपासून.

ती बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली. "मग वेइयो?" म्हणाली.

तेच तर.

१६ फेब्रुवारी, रविवार

वेइयोकडे गेले, तळ्यापलीकडे. भात भरून भाजलेल्या पिराक्का नेल्या होत्या, डबाभर. हा माझा भाऊ: अठ्ठेचाळीस वर्षांचा, जंगलात झाडं तोडायचं यंत्र चालवतो, लग्न नाही, कुत्रं नाही, घरात खुर्ची एक. दुसरी का आणत नाहीस म्हटलं की म्हणतो, बसणारा एकच आहे. कंजूष मेला.

सौनाची चूल पेटवत होता. मी पाकीट दिलं. त्याने उघडलं, वाचलं. वाचलं हे नक्की, ओठ हलत होते. मग त्याचे चिठोरे केले, बर्चच्या सालीखाली सारले आणि काडी लावली.

"चांगला पेटला," म्हणाला. "कागद कोरडा आहे सरकारचा."

"तुला मरायचंय का?"

"कधीतरी."

"अरे, गोळी आहे त्यावर. रोज एक. एवढीशी."

"तुझी तू घे. माझ्यात काय आहे ते मला कुणी सांगायला नको, रायली. जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं."

बाबा गेले तेव्हा अकरा वर्षांचा होता तो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला. मी उभ्या उभ्या दोन पिराक्का खाल्ल्या. टाच दाखव म्हटलं तर म्हणाला, "माझी टाच माझ्या मोज्यात बरी आहे."

२० फेब्रुवारी, गुरुवार

वाटाण्याचं सूप. आउनेने सकाळी सातला दारातच विचारलं, "गेला का वेइयो तपासायला?" काल विचारलं, परवा विचारलं. शेवटी मी म्हटलं, बाई, भाऊ माझा की तुझा? ती कांदे चिरायला लागली. एकोणीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही, इतकं वाकडं बोलायला नको होतं मी.

२ मार्च

डॉक्टरकडून दुसरं पत्र आणलं. आज त्याच्या हातात न देता फळीवर ठेवलं, कॉफीच्या डब्याखाली. त्याने नुसतं बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मार्च

पत्र डब्याखाली आहे तिथेच आहे. डबा मात्र नवीन आलाय.

त्याच्यावर चिडून परत येताना तळ्याच्या मधोमध थांबले. बाबा पडले ती जागा मला नेमकी माहीत नाही. त्यालाच माहीत आहे. आम्ही त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. एवढं वर्षानुवर्षं पोटात ठेवलेल्या माणसाला मी म्हणते, जा, सुई टोचून घे, निम्मी-निम्मी शक्यता आहे! त्याच्या लेखी ती निम्मी नाहीच. त्याच्या लेखी ते ठरलेलं आहे, आणि बाबांच्या वयापुढची सहा वर्षं त्याला वर मिळालीयत. असा माणूस कशाला जाईल?

पण मग जगतो तरी कसा?

२१ मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दहाच्या सुमाराला शाळेत फोन. आरोग्य केंद्रातली नर्स. "तुमच्या आई इथे येऊन बसल्यात. अपॉइंटमेंट नाही. कोट काढत नाहीत. मुलगा आल्याशिवाय उठणार नाही म्हणतात."

आउनेचा नवरा कालेवी टॅक्सी चालवतो. त्याच्याच गाडीने गेली होती आई, चर्चचा कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन. मी फोनवर म्हटलं, आई, घरी जा, लोक काय म्हणतील? तर म्हणे, "बहात्तर सालीच म्हणून झालंय त्यांचं."

वेइयो जंगलात, त्याला कळवायचं कसं! मी डोकं धरून उभी. आउनेने माझ्या हातातून फोन घेतला, कालेवीला लावला. "लाकडाच्या गाड्यांच्या रस्त्याने शेवटपर्यंत जा. त्याला घेऊन ये. नाही म्हणाला तरी घेऊन ये." असल्या आवाजात मी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. कालेवी बापडा गेला.

मी पोचले तेव्हा वेइयो नुकताच आत येत होता, अंगभर तेल आणि भुसा. खोलीभर लोक. सगळे मासिकं वाचायला लागले, एकाचं तर उलटं होतं. वेइयो आईपुढे उभा राहिला.

"चल घरी, आई."

"हात पुढे कर त्या मुलीपुढे, मग जाऊ."

"काय फरक पडतो?"

आई म्हणाली, "मी एकाला पुरलं आणि पंचवीस वर्षं स्वतःला चोर समजले. तुला पुरताना मला माहीत पाहिजे की करता येण्यासारखं सगळं केलं होतं. तुझ्यासाठी नको करूस. माझ्यासाठी कर."

त्याने बाही वर केली. आई चार तास बसली होती, नर्सने तिला तीनदा कॉफी दिली. घरी आल्यावर आईने पर्समधून लोण्याची पुडी काढली — वाटेत कालेवीला दुकानाशी थांबायला लावून घेतलेली! काळ्या पावावर पातळ लावलं, खाल्लं. "पूर्वीपेक्षा खारट करतात," म्हणाली.

४ एप्रिल

काही कळलं नाही अजून. वेइयो कामावर जातो. आउने रोज नुसती माझ्या तोंडाकडे बघते, विचारत नाही. मीच मान हलवते.

१५ एप्रिल, मंगळवार

स्वच्छ!

वेइयो संध्याकाळी कागद घेऊन आला, टेबलावर ठेवला. कोलेस्टेरॉल पाच पूर्णांक एक. सातच्या सात अक्षरं जागेवर. बाबांनी मला बिघडलेली प्रत दिली आणि त्याला धड. पोटात असतानाच ठरलेलं! आई रडली, मी रडले, कॉफी उतू गेली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

तो टोपी हातात धरून बसला होता. "चूक नसेल ना?" म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाली?"

"दोनदा तपासलंय म्हणाली."

मग कागद पुन्हा वाचला. कॉफी तशीच टाकून उठून गेला. आई म्हणाली, जाऊ दे, त्याला आनंद उशिरा चढतो.

१६ एप्रिल

सकाळी आल्या आल्या आउनेला सांगितलं. बटाटे धूत होती. "बरं झालं," म्हणाली, नळ बंद केला आणि दूध आणायला थंड खोलीत गेली. बराच वेळ आलीच नाही. शेवटी मी जाऊन बघितलं तर दुधाच्या क्रेटवर हात ठेवून पाठमोरी उभी. अगं गारठशील म्हटलं. "येते," म्हणाली, पण वळली नाही. मी दार लोटून घेतलं. एवढं काय झालं तिला ते कळेना.

२० एप्रिल, रविवार

वेइयो चार दिवस कामावर गेलेला नाही. आज त्याच्याकडे गेले. पायरीवर बसला होता, मीही बसले. बर्फाला भेगा पडल्यात, अधूनमधून आवाज येतो.

तळ्याकडे बघत बोलला. "एकाहत्तर साली आउनेने मला विचारलं होतं. मी म्हटलं, मी चाळिशीत मरणार, माझ्या आईसारखं तुझं नाही करायचं मला. कालेवी चांगला आहे, त्याच्याशी लग्न कर."

मग म्हणाला, "तिने ऐकलं."