अण्णांचा मतदानाचा शर्ट

मतदानाचा दिवस, संध्याकाळ

सकाळी अण्णांना फोनवर सांगितलं, "या वेळी राहू द्या. साहेबांसमोर उभं राहायची कुणाची टाप नाही. अर्ज भरलेलेसुद्धा बरेचसे मागे फिरले. आपल्या एका मताने काय होणारे?" अण्णा नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, पटलं. खरं म्हणजे मला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून कोपरला अण्णांकडे जायचा कंटाळा आलेला. उगाच साहेबांचं नाव पुढे केलं.

चारला चुटपुट लागली म्हणून निघालो. पोचलो तेव्हा मतदान संपलेलं. अण्णा दारासमोर खुर्चीत बसलेले. पायात चपला, अंगात पांढरा शर्ट. फक्त मतदानाला घालतात तो. तीन जिने त्यांना एकट्याने उतरता येत नाहीत, दरवेळी मीच धरून नेतो.

शेजारच्या सुमनमावशी म्हणाल्या, "अरे, दुपारी साहेबांची माणसं आलेली, खुर्चीसकट उचलून नेतो म्हणाली. यांनी हाकलून लावलं. म्हणे, माझा मुलगा येतोय."

मी तर नाही म्हटलेलं ना? मग कशाला थांबले? विचारलं तर म्हणाले, "तू फोनवर बोललास ते काही तुझं बोलणं वाटलं नाही मला."

रागावले असते तर बरं झालं असतं. सावकाश बटणं सोडवली आणि शर्ट माझ्या हातात दिला. "कॉलर मळलेली नाही. ठेवून दे, पुढच्या वेळी होईल."

पुढची वेळ पाच वर्षांनी. अण्णा आत्ताच चौऱ्याऐंशीचे. मी शर्ट हँगरला लावला. दिवसभरात तेवढंच केलं.